मागचा फाळका: जाड पत्रा ठोकण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पिकअपचा मागचा फाळका, म्हणजे हौद्याचे खाली उघडणारे मागचे दार, मजबूत करायचा म्हटले की बहुतेकदा एकच काम होते. पाच मिलिमीटरचा पत्रा कापायचा, फाळक्याच्या आतल्या अंगाला बसवायचा, चारी कडांनी वेल्डिंग फिरवायचे आणि वरून रंग मारायचा. दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा हा पत्रा जवळजवळ तीस किलोचा होतो. काम दणकट दिसते, थाप मारली की आवाजही भरीव येतो. पण फाळका जिथे दगा देतो तिथे या तीस किलोंतले काहीच पोचलेले नसते. उलट रोज उघडताना आणि लावताना बिजागऱ्यांवर तीस किलोंचा जादा मार बसू लागतो, आणि गाडीने उचलायच्या मालातून तेवढेच वजन वजा होते.

फाळका आडवा उघडून त्यावर माल टेकवला की वजन कुठून कुठे जाते, हे आधी पाहायला हवे. माल पत्र्यावर, पत्रा कडेच्या घडीवर, घडीतून दोन्ही बाजूंच्या वायर किंवा साखळ्या, तिथून हौद्याच्या मागच्या खांबांतले बोल्ट, आणि दुसरीकडे खालच्या बिजागऱ्या. या साखळीत पत्रा हा बहुधा सर्वांत कमी त्रास देणारा दुवा असतो. तो वाकतो, त्याला पोचे पडतात, पण तो निखळत नाही. निखळतात त्या वायर, किंवा वायरचा बोल्ट ज्या पातळ पत्र्यात घट्ट केलेला असतो तो पत्रा फाटतो.

आकड्यांनी पाहू. बिजागरीपासून बाहेरच्या कडेपर्यंत फाळका ५० सेंटिमीटर आहे. वायर बिजागरीपासून ३५ सेंटिमीटरवर अडकवलेली आहे आणि ती ४५ अंशांत वर जाते. बाहेरच्या कडेवर मधोमध २०० किलो ठेवले तर प्रत्येक वायरमध्ये सुमारे २०० किलोचा ताण येतो, म्हणजे दोन्ही मिळून ४००. ठेवले दोनशे, ओढ चारशेची. खांबावरचा बोल्ट खाली असेल आणि वायर ३० अंशांतच जात असेल, तर हाच ताण प्रत्येकी २८५ किलोंवर जातो. आता माल एका कोपऱ्यावर आला तर जवळजवळ सगळी ओढ एकाच वायरवर. आणि तो हळू न ठेवता एकदम सोडला, तर यातला प्रत्येक आकडा दुप्पट धरावा. चार बोटांवरून आपटला तर दुपटीहूनही जास्त.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वजन वायरच्या पलीकडे, बाहेरच्या कडेवर असल्यामुळे फाळका वायरच्या टोकावर तराजूसारखा डोलू पाहतो. बिजागरीकडची कड सुमारे ८५ किलोंच्या जोराने वर उचलली जाते. बिजागरी खाली दाबली जात असेल असे वाटते, प्रत्यक्षात ती उपटली जात असते. ज्या गाड्यांचा फाळका ठरावीक कोनात धरून खाचेतून काढता येतो, त्यांच्या खाचा झिजल्या असतील तर अशा वेळी तो एका बाजूने सुटून येतो. त्यामुळे अशा बिजागरीला खाचेचे तोंड बंद करणारी पट्टी किंवा आरपार पिन हवीच.

उपाय सोपा आहे आणि त्याला पत्रा लागत नाही. वायर अडकवण्याची जागा ३५ वरून ४८ सेंटिमीटरवर, अगदी बाहेरच्या कडेजवळ न्या. वरचा बोल्ट आहे तिथेच ठेवला तर वायरचा कोन ३६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे ताण वाढेल असे वाटते. पण तरफ लांबल्याने तो प्रत्येकी सुमारे १७५ किलोंवर येतो आणि बिजागरीचे उपटणे जवळजवळ संपते. वायर अर्थातच नव्या लांबीची घ्यावी लागते. फाळका बंद केल्यावर ती कुठे घडी होऊन बसते हेही बघून ठेवा, नाहीतर फाळका आणि खांब यांच्या फटीत चेंगरून तिच्या तारा एकेक करून तुटत जातात.

वायर कोणती? सहा मिलिमीटर जाडीची, बारीक तारांच्या सात पदरांची गॅल्व्हनाइज्ड वायर साधारण दोन टनांना तुटते. वरच्या हिशोबातला सर्वांत वाईट आकडा, म्हणजे ३० अंशांतल्या एकाच वायरवर ५७० आणि त्याची दुप्पट, धरला तरी ती पुरते. टोकाचा फासा दाबून बसवलेल्या धातूच्या नळीने केलेला असावा. क्लिपा वापरायच्याच असतील तर एका टोकाला तीन. आणि क्लिपचा चपटा भाग ओढ घेणाऱ्या तारेवर, यू आकाराचा बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटे बसवले तर यू बोल्ट कामाच्याच तारेला चावतो. फाशाच्या आत धातूची पन्हळ हवी, नाहीतर बोल्टवर घासून वायर तिथेच चपटी होते. प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली वायर दिसायला छान, पण आत पाणी शिरून गंज धरला तर बाहेरून कळत नाही. वेष्टण कुठे फुगलेले किंवा खरखरीत लागले तर वायर बदलावी, आणि एक बदलली की दुसरीही बदलावी. नवी आणि ताणलेली वायर जोडीला आली की फाळका तिरका बसतो आणि भार एकीवरच जातो. साखळी पसंत असेल तर ग्रेड ८० ची सहा मिलिमीटर साखळी १.१२ टन कामाच्या भाराची असते. ती जड आहे, खडखडते, रंग खरवडते, पण तिची खराबी डोळ्यांना दिसते.

वायरपेक्षा तिचा बोल्ट महत्त्वाचा, आणि बोल्टपेक्षा त्याच्या मागचा पत्रा. ८.८ ग्रेडचा एम १० बोल्ट या ओढीला सहज पुरतो. पण हौद्याचा खांब जर मिलिमीटरभर पत्र्याची पोकळ घडी असेल तर बोल्टचे भोक हळूहळू लांबट होते, मग त्याच्या कोपऱ्याला तडा जातो. खांबाच्या आतून ५० बाय ८० मिलिमीटर, ४ मिलिमीटर जाड पट्टीचा आधार द्यावा. आत हात पोचत नसेल तर पट्टी बाहेरून लावून ती खांबाच्या दोन बाजूंना वळवून घ्यावी. साधा वायसर इथे कामाचा नाही. पोकळ खांबातून बोल्ट आरपार घेणार असाल तर आत नळीचा तुकडा स्पेसर म्हणून टाका, नाहीतर नट आवळताना खांबच पिचकतो आणि पुढे नट कायम ढिला राहतो.

आता फाळक्याकडे वळू. तो वाकू नये म्हणून त्याला जाडी नव्हे, खोली द्यायची असते. चाळीस बाय पाचची पट्टी आडवी लावली तर तिचे वजन मीटरला सुमारे १.६ किलो. २५ बाय २५ चा दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला १.४ किलोंच्या आसपास, म्हणजे थोडा हलकाच. पण वाकण्याला या पाइपचा विरोध त्या पट्टीच्या सुमारे ३९ पट आहे. पट्टीवर पट्टी चढवणाऱ्यांनी हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुष्कळ लोखंड वाचेल.

दीड मीटर रुंद फाळक्याच्या बाहेरच्या कडेला ४० बाय ४० चा तीन मिलिमीटर जाडीचा पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड घ्यावा. कडेच्या मधोमध २०० किलो स्थिर ठेवले आणि इतर कशाचीही मदत धरली नाही, तरी हा पाइप सुमारे सात मिलिमीटर खाली येतो आणि साधे पोलाद कायमचे वाकते त्या मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत राहतो. वजन सव्वापाच किलो. ही झाली कणा-पट्टी. मात्र तिची दोन्ही टोके वायरच्या कानापर्यंत, म्हणजे वायर फाळक्याला जिथे अडकते त्या तुकड्यापर्यंत, पोचलीच पाहिजेत. कानच पाइपला वेल्ड केलेला असेल तर उत्तम. पाइप अलीकडे १० सेंटिमीटरवर थांबला आणि कान पातळ पत्र्यावरच राहिला, तर सगळा मजबूत भाग एका कमजोर तुकड्याने लटकतो आणि त्या १० सेंटिमीटरांतच घडी पडते. मजबूत केलेले फाळके इथेच सर्वाधिक मोडतात.

कडेच्या पाइपपासून बिजागऱ्यांपर्यंत उभे पाइप द्यावेत, प्रत्येक बिजागरीच्या अगदी समोर एक. तीन बिजागऱ्या असतील तर तीन. त्यासाठी २५ चा दोन मिलिमीटरचा पाइप भागतो. दोन बिजागऱ्यांच्या मधल्या जागेत पाइप उतरवला तर तो खालच्या घडीला ढुसणी देतो, त्यापेक्षा न दिलेला बरा.

एकेरी पत्र्याच्या फाळक्यात हे पाइप बाहेरच्या अंगाला घ्यावेत. फाळका उघडला की ते खाली येतात आणि वरची बाजू सपाट राहते. फाळका पूर्ण खाली लोंबू देण्याची सवय असेल तर पाइप बंपरवर आपटतात का, हे टाका मारण्याआधी पाहा. दुहेरी पत्र्याच्या फाळक्यात आतले झाकण स्क्रूंनी निघते, आणि आत खटक्याच्या सळया, नंबरप्लेटच्या दिव्याची किंवा कॅमेऱ्याची वायर असते. भोक पाडण्याआधी झाकण काढून या सगळ्यांचा मार्ग खडूने बाहेर आखून घ्या. फाळक्याच्या खालच्या घडीत पाणी निघायला भोके असतात. पाइप किंवा वेल्डिंगने ती बुजली तर पाणी आतच साठते आणि फाळका तळातून कुजतो.

वेल्डिंग शक्यतो फाळका गाडीवरून उतरवून करावे. त्याने निम्मी भांडणे मिटतात: गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलमधून करंट जाण्याची भीती नाही, डिझेलच्या टाकीजवळ ठिणग्या नाहीत. खांबावरचे काम गाडीवरच करावे लागते. तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. चिमटा लांब चॅसीवर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. पातळ पत्र्याला अखंड शिवण मारू नये. २५ मिलिमीटर टाका, ७५ मोकळे, आणि टाके एका ओळीत न मारता आलटून पालटून, मधे थंड होऊ देत. एका दमात शिवण मारली की फाळका केळ्यासारखा वाकतो आणि मग त्याचे खटके लागत नाहीत. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर सांध्यावरचा जस्ताचा थर घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा. जस्ताच्या धुराने ताप भरतो. ॲल्युमिनियमचा फाळका असेल तर वेल्डिंगचा विचारच सोडावा. उष्णतेने सांध्याच्या आसपासचा धातू बराच मऊ पडतो. तिथे पाइप बोल्टनेच बांधावेत, प्रत्येक १५ सेंटिमीटरला एक, मागे रुंद पट्टी देऊन, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या मधे रबर किंवा जाड टेप. हे दोन धातू ओले होऊन एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होत जाते.

बिजागऱ्यांची पिन काढून बघा. मधोमध कंबर पडलेली पिन आणि लांबट झालेले भोक एकत्रच बदलायचे असते. नवी पिन जुन्या भोकात घातली तर खेळ तसाच राहतो. भोक मोठे करून बुश बसवा किंवा बिजागरी नवी घ्या. नव्या बिजागऱ्या वेल्ड करताना सगळ्यांमधून एकच लांब, सरळ सळई ओवून ठेवायची आणि मगच टाके मारायचे. वेगवेगळ्या लावल्या तर मिलिमीटरभर फरकानेही फाळका अडकतो, मग कोणीतरी हातोडा आणतो. पिनेला स्प्लिट पिन हवी. पिनेचे टोक वाकवून ठेवणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीला गॅस कटरची सोय करून ठेवणे.

वरच्या थराबद्दल थोडक्यात. त्याचे काम टोकदार भार पसरवण्याचे, एवढेच. खालच्या पाइपांची चौकट नीट असेल तर तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट सहा किलोंत होते. बारा मिलिमीटरचे पाणी सोसणारे प्लायवूडही साधारण तेवढ्याच वजनाचे. त्याच्या कापलेल्या कडा आणि बोल्टची भोके रंगाने बंद करावीत, नाहीतर पापुद्रे सुटतात. पोलादीच चेकर्ड प्लेट हवी असेल तर तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. ती १८ किलोंची होते. फाळका एका माणसाला हळू उतरवता येत नसेल तर तो रोज सुटून खाली आपटणार, आणि सर्वांत मोठा झटका वायरला मालाने नव्हे, रिकाम्या फाळक्यानेच बसणार. वजन वाढलेच असेल तर गॅसचा दांडा बसवा.

दुचाकी किंवा छोटी यंत्रे फळीवरून चढवताना बहुतेकजण फळीचे टोक फाळक्याच्या कडेवर टेकवतात. जिथे फाळका सर्वांत कमजोर, तिथेच सगळे वजन एका ओळीवर. फाळका काढून फळी थेट हौद्यावर टेकवणे केव्हाही चांगले, आणि फळी पट्ट्याने गाडीला बांधलेली असावी. चाक वर येताना ती मागे निसटते. फाळक्याखाली जमिनीपर्यंत टेकू देण्याची युक्तीही चांगली, पण तिच्यात एक खोच आहे. माल हौद्यात गेला की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडीची मागची बाजू काही सेंटिमीटर खाली येते आणि घट्ट बसवलेला टेकू फाळक्याला खालून वर दाबू लागतो. आता फाळक्यावर मालाचे नव्हे, गाडीचेच वजन येते, तेही उलट्या दिशेने, आणि बिजागऱ्या ओरबाडल्या जातात. म्हणून टेकू स्क्रूचा, खालीवर करता येणारा असावा आणि चढवताना मधेमधे सैल करावा. उतरवताना उलटे होते: पाटे उठतात, टेकू लोंबकळतो आणि शेवटचा, बहुधा सर्वांत जड नग आधाराशिवाय बाहेर येतो.

बंद फाळक्याचे काम वेगळे. त्याला भिंत समजून माल टेकवतात, बांधत नाहीत. मालबांधणीच्या युरोपीय मानकात, ईएन १२१९५-१ मध्ये, ब्रेकसाठी पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट जोर धरतात. म्हणजे एक टनाचे यंत्र मागे ५०० किलोंनी ढकलू शकते. घर्षणाने त्यातले काही अडते, पण रंगवलेल्या, ओल्या पत्र्यावर फार थोडे. हा जोर दोन खटक्यांनी घ्यायचा नसतो, हौद्याच्या तळाच्या कड्यांना बांधलेल्या पट्ट्यांनी घ्यायचा असतो. वाळूसारख्या सुट्या मालाची गोष्ट निराळी. चाळीस सेंटिमीटर उंच कोरडी वाळू दीड मीटरच्या फाळक्यावर साधारण ६५ ते ९५ किलोंचा दाब देते आणि तो खालच्या तिसऱ्या भागात असल्याने दोन तृतीयांश बिजागऱ्यांवरच जातो. वाळूने फाळका मोडत नाही, मधे पोट सुटते. वर सांगितलेला कडेचा पाइप त्यासाठी पुरेसा आहे.

फाळका कितीही भक्कम झाला तरी गाडी तीच राहते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तीन मीटर आणि उघडा फाळका मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर त्यावरच्या २०० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर २८० किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ८० कमी होतात. स्टिअरिंग हलके लागते ते त्यामुळे. शिवाय उघड्या फाळक्याने नंबरप्लेट झाकली जाते, काही गाड्यांत मागचे दिवेही. लांब पाइप किंवा बांबू न्यायचे असतील तर हौद्यात मागे आडवी दांडी टाकून माल फाळक्यापासून दोन बोटे वर ठेवावा. खड्ड्यात उसळणाऱ्या मालाखाली कोणतीच वायर फार दिवस टिकत नाही.

काम झाल्यावर तपासणी करावी, रंग नंतर. सपाट जागी गाडी उभी करा, फाळका उघडा, कडेलगत दोरी ताणून बांधा, पण तिची टोके फाळक्याला नव्हे, हौद्याला पक्की असू द्या. वाळूच्या पोत्यांनी ५०-५० किलोंनी भार वाढवत ठरवलेल्या वजनाच्या सव्वापटीपर्यंत न्या, मागे किंवा खाली कोणी उभे न राहता. दहा मिनिटांनी पोती उतरवा. कड दोरीला पुन्हा लागली पाहिजे. दोन मिलिमीटर जरी खाली राहिली तर काहीतरी कायमचे ताणले गेले आहे. बहुधा वायरचा फासा बसला असतो, तो आवळून पुन्हा एकदा करा. दुसऱ्यांदाही उतरली तर खांबाच्या बोल्टभोवतीचा रंग तडकला आहे का बघा. सगळे जागेवर असेल तर आतली पोकळी मेणाच्या गंजरोधकाने फवारा, बाहेर रेड ऑक्साइड आणि रंग, आणि फाळक्याच्या आतल्या अंगाला ठरवलेले वजन ठळक आकड्यांत रंगवून ठेवा. गाडी चालवणारा आणि माल चढवणारा नेहमी एकच माणूस नसतो.

आपला नम्र,
हौदाबांधणीच्या कामातला एक वाचक